झुंजार, काळापहाड आणि 'श्यामा'

आपल्या पिढीने अभ्यासाच्या पुस्तकात लपवून काय वाचलं, हे आता नातवंडांना सांगायला हरकत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने मराठी माणसाला वाचनाची चटक लावली. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. विकत घेणारे थोडे. बाकीच्यांनी सर्क्युलेटिंग लायब्ररीतून भाड्याने आणल्या आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं वाचवायला रात्रीत संपवल्या!

प्रणयकथेच्या वाट्याला मात्र कोर्टाची पायरी आली. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखक चंद्रकांत काकोडकरांना दोषी ठरवलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निर्दोष सुटले, तेव्हा १९६९ साल उजाडलं होतं. लोक आवडीने वाचतात त्या कथेसाठी लेखकाला एवढं झगडावं लागलं.

समीक्षकांनी या पुस्तकांना फारशी जागा दिली नाही. पण खांडेकर-पेंडश्यांपर्यंत पोचलेले कित्येक वाचक याच पायरीवरून वर चढले. कुणाच्या माळ्यावर जुन्या प्रती असतील तर कृपया रद्दीत घालू नका. सोसायटीच्या वाचनालयात आणून द्या.