खुराक कोणाचा? लातूर-नांदेडच्या खेळाडूंच्या आरोग्याचा मागोवा

१९६९ साली लातूरच्या आखाड्यात रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हा लातूर जिल्हाही नव्हता. उस्मानाबादपासून तो १९८२ मध्ये वेगळा झाला. आपल्या कुस्तीचा इतिहास अशाच नोंदींचा आहे : साल, गाव, विजेता. मीही बरीच वर्षे त्याच जमवत आलो. जिंकणाऱ्या शरीराचे पुढे काय झाले, हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

तालमीत शिरले की शरीराची भाषा दिसते. सरावात कानाला मार बसतो, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचते. ते वेळीच काढले नाही तर कान कायमचा घट्ट, वेडावाकडा होतो. पैलवान तो मिरवतो. खरा धोका नंतर येतो. जोर-बैठका सुटतात, पण दूध, तूप, बदामाचा खुराक सुटत नाही. मग पन्नाशीत गुडघे, रक्तदाब आणि साखर एकदमच हिशेब मागतात.

बायकांचा हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाली. महिलांची पहिली स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीला झाली. मधली ६२ वर्षे तालीम आणि खुराक दोन्ही मुख्यतः पुरुषांचेच. मराठवाड्यातल्या मुली मैदानावर आल्या त्या खो-खो, कबड्डी आणि धावण्यातून. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत विजयी खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एका वेळच्या जेवणावर काढलेले दिवस त्यांनी स्वतः सांगितले आहेत.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के. पाळीतून लोह जाते, लांब पल्ल्याच्या धावण्यातही जाते. मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडले तर पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. खो-खोसारख्या अचानक वळण्याच्या खेळांत गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोकाही मुलींना मुलांपेक्षा जास्त. घरात मात्र त्याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून दिले जाते.

नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या ध्वजवाहक होत्या. त्यांचा खेळ गोळाफेक, तोही बसून. अशा खेळाडूचा सगळा भार खांद्यावर येतो. म्हणजे खेळ बदलला की दुखणेही जागा बदलते.

म्हणून आता माझ्या वहीत नवे रकाने आहेत : वय, खेळ, दुखापत, खेळ सुटल्याचे साल. प्रत्येक तालमीने आणि शाळेने निदान वर्षातून दोनदा खेळाडूंचे वजन आणि हिमोग्लोबिन लिहून ठेवावे, मुलींचे आधी. पदकांची यादी आपण जपलीच आहे. ती पदके ज्या रक्तावर आली, त्याचीही नोंद राहू द्या.