टेबलाभोवतीचे वीर : युद्धकाळातील चित्रकथांच्या अभ्यासाची प्रस्तावना

दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी अनुक्रमणिका चाळतो. कथा कुणाची, लेख कुणाचा, व्यंगचित्रे कुणाची. ही सगळी मंडळी एका मुखपृष्ठाआड नांदतात, पण एकमेकांना कधी भेटत नाहीत. समजा, एका वर्षी संपादकाच्या मनात आले की अंकातल्या सगळ्या कथानायकांना एकाच टेबलाशी बसवावे आणि प्रत्येकाकडून त्याचा पराक्रम वदवून घ्यावा, तर? १९४०च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या एका अंकात नेमके हेच झाले. अंकाचे नाव ‘ऑल स्टार कॉमिक्स’, क्रमांक तिसरा.

पहिले दोन अंक साध्या संग्रहासारखे होते. वीर वेगळा, गोष्टही वेगळी. तिसऱ्या अंकात लेखक गार्डनर फॉक्स आणि संपादक शेल्डन मेयर यांनी फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, डॉक्टर फेट, अवरमन, स्पेक्टर, सँडमन आणि ॲटम अशा आठ जणांची बैठक भरवली. आमंत्रण नसताना जॉनी थंडर नावाचा एक भाबडा तरुणही तिथे येऊन टपकला. मंडळाचे नाव ठरले ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’. गंमत अशी की एकत्र बसले तरी ते एकत्र लढले नाहीत. ज्याने त्याने आपली गोष्ट सांगितली. टेबल नवे, ताटे मात्र जुनीच. वेताळपंचविशी किंवा सिंहासनबत्तिशी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटणार नाही. बाहेर एक चौकट, आत गोष्टींची माळ. पुढच्या अंकापासून मंडळाला सामाईक कामगिरी मिळू लागली आणि फॉक्सचा साचा पक्का झाला: आरंभी सगळे एकत्र, मधल्या प्रकरणांत वाटा वेगळ्या, शेवटी पुन्हा भेट.

युद्धकाळातल्या अशा वीरमंडळांचा अभ्यास हा एक स्वतंत्र प्रांत आहे. सुरतेत बसून, मराठीतून, त्याचे दार नव्या वाचकासाठी उघडावे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. आत येणाऱ्याने एकच गोष्ट गाठीशी बांधावी. वीरांचे मंडळ हे आधी अंकाचे गणित होते. युद्धाने त्या गणिताला कारण पुरवले. म्हणून या कथा वाचताना वीराच्या छातीवरचे चिन्ह पाहावे, आणि त्याआधी अंक कधी निघाला, कुठे निघाला, कुणासाठी निघाला हे पाहावे.

गणित म्हणजे काय, ते मंडळाच्या एका नियमात दिसते. ज्याच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले, त्याने मंडळ सोडायचे आणि मानद सदस्य व्हायचे. सहाव्या अंकानंतर फ्लॅश गेला, सातव्यानंतर ग्रीन लँटर्न. सुपरमॅन आणि बॅटमन तर पहिल्यापासून मानद, म्हणजे नावापुरतेच. कथेत याला सन्मान म्हटले आहे. व्यवहारात अर्थ सरळ होता: हा अंक नव्यांना पुढे आणण्यासाठी, ज्याचा जम बसला त्याने जागा रिकामी करावी. दिवाळी अंकाच्या कुठल्याही संपादकाला हा हिशेब चटकन कळेल.

अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१मध्ये. चित्रकथा त्याआधीच उतरल्या होत्या. ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले दोन तरुण, जो सायमन आणि जॅक कर्बी, यांनी ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला. अंकावर तारीख मार्च १९४१ची असली, तरी तो विक्रीला आला होता १९४०च्या डिसेंबरात. ‘ऑल स्टार’चे मंडळ रीतसर युद्धात गेले ते जून-जुलै १९४२च्या अकराव्या अंकात. सभासद आपापल्या खऱ्या नावांनी सैन्यात भरती होतात, त्यांचे पराक्रम उघड होतात आणि मग मंडळाचे नावच ‘जस्टिस बटॅलियन’ होते. त्याच वर्षी वंडर वुमन मंडळात आली. देवांचे बळ घेऊन आलेल्या या बाईला काम मिळाले चिटणिसाचे! पुरुष मोहिमेवर जात आणि ती टिपणे सांभाळी. त्या काळच्या कचेऱ्या कशा चालत, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

युद्धाने लेखकांपुढे एक अडचणही उभी केली. सुपरमॅन मनात आणील तर दुपारच्या जेवणाआधी युद्ध संपवील. मग आघाडीवर जीव धोक्यात घालणाऱ्या शिपायाने काय समजायचे? वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत १९४२च्या आरंभी यावर तोडगा निघाला. भरतीच्या वेळी डोळे तपासताना क्लार्क केंटची, म्हणजे साध्या वेशातल्या सुपरमॅनची, नजर उत्साहाच्या भरात भिंतीपार जाते, तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो आणि नापास होतो. वरवर हा विनोद आहे. आत मोठी कबुली आहे: खऱ्या युद्धापुढे कल्पनेतल्या बळाला मागे सरावे लागते.

चौदाव्या अंकाकडे भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावे. तारीख डिसेंबर १९४२-जानेवारी १९४३. त्यात हे वीर जर्मनांच्या टाचेखालच्या युरोपातल्या उपाशी देशांत अन्न पोहोचवायला निघतात; प्रत्येकाच्या वाट्याला एकेक देश. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. दोस्तांच्याच राज्यातली ही भूक कुठल्या वीरमंडळाच्या नकाशावर नव्हती. ती कागदावर उतरवली चित्तप्रसाद भट्टाचार्य या चित्रकाराने, मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरून. त्याच्या ‘हंग्री बंगाल’ या पुस्तिकेच्या बहुतेक प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. हा अंक आणि ही पुस्तिका शेजारीशेजारी ठेवून वाचली, तर चित्र आणि युद्ध यांच्या नात्याचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

आता सुरतेकडे येऊ. अमेरिकेत हॉकमन पंख पसरत होता, तेव्हा सुरतेतून मुलांसाठी ‘गांडीव’ हे गुजराती पाक्षिक निघत होते. नाव अर्जुनाच्या धनुष्याचे, पण त्यातला सर्वांत लाडका नायक होता एक बोकड, बकोर पटेल. हरिप्रसाद व्यासांनी १९३६पासून १९५५पर्यंत त्याच्या गोष्टी लिहिल्या, म्हणजे सगळे महायुद्ध त्यात आले. या पटेलाच्या गोतावळ्यात वाघ आहे, हत्ती आहे, उंट आहे. हेही एका अर्थी मंडळच, फक्त जग वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. पटेल स्वतःच उपद्व्याप करून ठेवतो, फजित होतो आणि शेवटी सगळे हसतात. गुलाम देशातल्या मुलांना परक्या साम्राज्याचे युद्ध जिंकून देणारा वीर या पाक्षिकाने दिला नाही. त्याने शेजार दिला. माझ्या मते सुरतेचे हे उत्तर न्यूयॉर्कच्या टेबलाहून कमी प्रतीचे नाही.

दुसरा धागा आडनावातच सुरत बाळगणाऱ्या चित्रकाराचा. आबिद सुरती यांचा जन्म १९३५चा, बालपण मुंबईच्या डोंगरीतले. त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. युद्धाच्या दिवसांत गोदीतून व्हीटीकडे सैनिकांना नेणारी छोटी गाडी जाई आणि खाऊच्या आशेने पोरे तिच्यामागे धावत. एकदा एका गोऱ्या सैनिकाने कॉमिकचे पुस्तक फेकले. पोरांची झोंबाझोंबी झाली आणि आबिदच्या हाती एक पान लागले, मिकी माउसचे. ते पाहून पाहून तो चित्रे काढू लागला. सैनिकाच्या करमणुकीसाठी आलेला कागद असा भलत्याच पोराचा गुरू झाला.

त्याच सुरतींनी १९७६मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’साठी बहादुर निर्माण केला. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४च्या मार्चमध्ये सुरू केलेल्या या मालिकेतून ली फॉकचा फँटम ‘वेताळ’ होऊन मराठी घरांत शिरला होता. इथल्या वाचकाला खटकू नये म्हणून संपादकांनी बंगालशी मिळतेजुळते देशनाव ‘डेंकाली’ केले आणि राम नावाच्या खलनायकाला ‘रामलू’ करून टाकले. बहादुरला असे काही बदलावे लागले नाही. तो कुडता आणि जीन्स घालणारा, दरोडेखोराचा मुलगा, पोलीस अधिकाऱ्याने वाढवलेला. त्याच्याकडे अंगभूत चमत्कार एकही नाही. त्याने उभे केले ‘नागरिक सुरक्षा दल’: गावातल्या साध्या माणसांचे मंडळ, चंबळच्या दरोडेखोरांशी लढणारे. वीरमंडळाची कल्पना आपल्या मातीत रुजली ती अशी, दिव्य शक्ती वजा करून.

सुरतेतल्या मराठी माणसाला या अभ्यासात एक जन्मजात सोय आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात जानेवारी १६६४ची मोहीम हा पराक्रम असतो. ‘सुरतेची लूट’ हे शब्द आपण अभिमानाने उच्चारतो, आणि पुन्हा १६७०चा उल्लेख करून ते दुप्पट करतो. तेच शब्द इथल्या जुन्या गुजराती शेजाऱ्यापुढे उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. इंग्रज वखारीच्या कागदांत तर त्या प्रसंगाचा नायक वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन आहे. शहर एकच, दिवस तेच, नायक निराळे. उधना-लिंबायतच्या चाळीत वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवावे लागत नाही. युद्धाची चित्रकथा वाचायला नेमकी हीच नजर लागते. १९४२च्या अमेरिकी अंकांतला जपानी माणूस पाहा: पिवळा रंग, सुळ्यांसारखे दात, माणूसपण पुसून टाकलेला चेहरा. त्या पानांकडे डोळेझाक करू नये आणि ती फाडूनही टाकू नयेत. शत्रूचा चेहरा कसा घडवतात, ते तिथेच शिकता येते.

नव्या अभ्यासकाला वाट सोपी व्हावी म्हणून या साहित्याचे तीन थर करावेत. पहिला, युद्ध चालू असताना छापलेला. त्याला निकाल ठाऊक नाही, म्हणून त्यात भीती खरी आहे. दुसरा, युद्ध संपताच आलेला. १९४६मध्ये कॅप्टन अमेरिका, ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर ‘ऑल विनर्स स्क्वॉड’ म्हणून एकत्र आले, पण तोवर शत्रू उरला नव्हता आणि हे मंडळ दोनच गोष्टींत आटोपले. ‘ऑल स्टार’ही १९५१मध्ये सत्तावन्नाव्या अंकानंतर घोड्यांच्या आणि बंदुकांच्या गोष्टींकडे वळले. तिसरा थर आठवणींचा. १९४०मध्ये जन्मलेल्या रॉय टॉमस या लेखकाने १९७५मध्ये ‘इनव्हेडर्स’ आणि १९८१मध्ये ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’ लिहून ते युद्ध पुन्हा रचले. आज ज्यांना आपण युद्धकाळातली मंडळे म्हणून ओळखतो, त्यांतली काही अशी मागाहून घडलेली आहेत. थर ओळखला नाही, तर सत्तरच्या दशकातले विचार आपण चाळीसच्या दशकाच्या तोंडी घालू.

शेवटी वाचकाला एक विनंती. घरात माळ्यावर इंद्रजालचे, चांदोबाचे, गांडीवचे जुने अंक असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडा. मुखपृष्ठ नंतर पाहा, आधी शेवटचे पान पाहा: छापखाना, तारीख, किंमत, जाहिराती. मग अंक कोणी आणला, कुठे वाचला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने आत लिहून ठेवा. या विषयाची मराठीतली साधने अशाच माळ्यांवर आहेत.