चौक लिहिणाऱ्या बायका

वारल्यांच्या घरी लग्न निघालं की आधी चौक लिहावा लागतो. कुडाच्या भिंतीला शेण-गेरूने सारवायचं, तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं आणि सुवासिनींनी मिळून चौकट आखायची. आत पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा देव आणि पाचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न उरकलं की मात्र चौक कुणी जपून ठेवत नाही. चुलीच्या धुराने तो काळवंडतो, पावसाळ्यात पोपडे निघतात, भिंत पुन्हा सारवली जाते.

माझी सारी नोकरी डहाणू तालुक्यात चित्रकला शिकवण्यात झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, वारली घरातलीच, आता एआयकडून चित्रं काढून घेते आणि त्यांत आपली माणसं शोधते. 'वारली चित्र' एवढं लिहिलं की क्षणात तारपा या वाद्याभोवतीचा तारपानाच हजर होतो. त्रिकोणी अंगं, ताडाची झाडं, वर सूर्य. सगळ्यांचे हात एकमेकांत, वर्तुळ पक्कं बंद. तारपा वाजवणारा कधी वर्तुळाबाहेर असतो, कधी नसतोच. खऱ्या नाचात तारपकऱ्यामागे रांग चालते, तारप्याकडे कुणी पाठ करत नाही, म्हणून ती रांग गोगलगायीच्या शंखासारखी वळत जाते आणि तिचं एक टोक मोकळं राहतं. तिने लग्नाचा चौक मागितला, तर फुलाफुलांची रांगोळी आली.

हे असं का होतं, याचं उत्तर इतिहासात आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं आणि तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला होता. इथेही त्यांनी कागद दिला. तो धरला तो गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. लग्नाच्या चौकटीतून चित्र बाहेर पडलं. मासेमारीचं जाळं, वारूळ, भाताची लावणी, लोककथा, सगळं मशेंच्या काडीखाली आलं, तेही असं की जाळ्याचा एकेक धागा थरथरताना दिसावा. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. मशे मोठेच चित्रकार होते, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण कागदावर पुरुष आले आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायका निनावीच राहिल्या. पुढे चादरी, कपबशा, हॉटेलांच्या भिंती, सगळीकडे तारपानाच गेला. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर वारली म्हणजे काय हे बाजाराने ठरवून टाकलं होतं.

एआय शिकतं ते चित्र आणि त्यासोबतचा मजकूर अशा असंख्य जोड्यांवरून. इंटरनेटवर 'वारली' या नावाखाली जे साठलंय ते बहुतेक कागदानंतरचं, विकण्यासाठी काढलेलं. त्यामुळे यंत्राच्या वारल्याला जेमतेम पन्नास वर्षांची स्मृती आहे. त्यात धवलेरी नाही. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध सावकार-जमीनदारांपुढे ताठ उभा राहिलेला वारलीही नाही. तो सदा नाचतोच आहे. मला याचा राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

नायजेरियाच्या मिने अताइरू या चित्रकर्तीने यंत्राची ही मर्यादाच कामाला लावली. १८९७ साली ब्रिटिशांनी बेनिन शहर लुटलं, तिथले ओबा, म्हणजे राजे, ओवोनराम्वेन यांना हद्दपार केलं आणि राजवाड्याच्या पितळी मूर्ती युरोपात नेल्या. १९१४ साली नवा ओबा गादीवर येईपर्यंत ओतारी दरबाराला मुकले होते. लुटलेल्या मूर्तींची छायाचित्रं यंत्राला शिकवून अताइरूंनी विचारलं, त्या सतरा वर्षांत काय घडवलं गेलं असतं? तयार झालेल्या मूर्ती खऱ्या असल्याचा दावा त्यांनी केला नाही. इतिहासातली ती पोकळी मात्र त्यांनी जगापुढे उभी केली. यंत्र वापरण्यापूर्वी त्यांना आपल्या इतिहासातलं भगदाड नेमकं कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते खरं काम तेच.

माझ्या विद्यार्थिनीलाही हे पटलंय. आता ती आजीला, आत्यांना, गावातल्या धवलेरींना विचारत फिरते. कुठल्या पाड्यात चौकाची नक्षी कशी बदलते, घोडा कुणाच्या हातचा चांगला उतरतो, हे टिपून घेते. त्यांची परवानगी असेल तेवढीच छायाचित्रं ती आपल्या यंत्राला शिकवायला देणार आहे. पालघट द्यायची नाही, हे त्या बायकांनी सांगितलं आणि तिने ऐकलं. आणि प्रत्येक छायाचित्राखाली, जिथे आजवर नुसतं 'वारली' लिहिलं जात होतं, तिथे चौक लिहिणाऱ्या बाईची हरकत नसेल तर तिचं नाव आणि पाड्याचं नाव जाणार आहे.