साचेखात्याचे दार
कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे कित्येक दशके गिरणीत कोणाला काम मिळणार हे मालकापेक्षा मुकादमच ठरवत राहिला. फाटकाशी जमलेल्या बदली कामगारांतून तो गाववाला, जातभाई किंवा दस्तुरी, म्हणजे लाच, देणारा आधी उचले. दलितांना सूतकताईच्या रिंग खात्यात जागा मिळे, पण जास्त मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मिळत नसे. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्राबाहेर काढावे लागे, आणि दलिताने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे. विटाळाचे हे कारण नोंदीत शिरताना मात्र रूप बदलते. तिथे उरते एवढेच की, या माणसाला साच्याचा अनुभव आहे, त्याला नाही. ज्याला आत येऊच दिले नाही त्याला अनुभव कुठून येणार? तरी तोच अभाव पुढे त्याला नाकारायला पुरेसा ठरतो.

नोकरभरतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणणारे म्हणतात की यंत्राला जात-लिंग कळत नाही, म्हणून ते मुकादमासारखा पक्षपात करणार नाही. मला हे पटत नाही, कारण यंत्र शिकते तेच मुळी जुन्या निवडींवरून. अ‍ॅमेझॉनने 2014 पासून असे एक साधन घडवायला घेतले आणि त्याला दहा वर्षांतले अर्ज दाखवले. त्यांत पुरुषांचेच बहुसंख्य होते. रॉयटर्सच्या 2018 च्या वृत्तानुसार, अर्जात महिलांच्या एखाद्या संघाचा उल्लेख आला की हे साधन गुण कमी करी. ते शब्द निष्प्रभ केले, तरी साधन दुसऱ्या वाटेने तसाच भेद करणार नाही याची खात्री देता येईना, आणि प्रकल्प गुंडाळला गेला. गिरणीच्या हजेरीपटांवर शिकलेल्या यंत्रालाही जात सांगावी लागली नसती. आडनाव, चाळीचा पत्ता आणि आधीचे खाते एवढ्यावर भागले असते.

यावर एक खरा आक्षेप आहे: मुकादमाच्या मनात डोकावता येत नव्हते, यंत्राचे निकाल तपासता तरी येतात. मान्य, पण तपासायचे काय, हे नाकारला गेलेला माणूसच आधी ओळखतो. 1928 च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला तेव्हाच सर्व खाती दलितांना खुली करण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांनी, तीही नाखुशीने, मागण्यांत घेतली. म्हणून भरतीच्या यंत्राने कोणाला वगळले याचा वर्गवार हिशेब कंपनीच्या कपाटात न राहता कामगार संघटनांच्या आणि उमेदवारांच्या हाती पडला पाहिजे, आणि तसा कायदा हवा.