लेण्याच्या डोक्यावरची शाळा

बोरिवली पश्चिमेला आयसी कॉलनीत मंडपेश्वरच्या लेण्यांपाशी रिक्षा सोडा आणि सरळ वर बघा. खाली सगळेच बघतात. खांब आहेत, नटराज आहे, फोटो काढायला जागा आहे. वर, लेण्याच्या डोक्यावर, छप्पर गेलेल्या उंच दगडी भिंती उभ्या आहेत आणि कमानींतून नुसतं आभाळ दिसतंय. तिथे शाळा भरायची. आत्ता वर्ग रिकामा आहे, म्हणून आपण 1695 सालात जाऊ. घड्याळ काढून ठेवा, चपला काढा, वय दहावर आणा. मुलींना तिथे प्रवेश नव्हता, पण सहल आपली आहे, तो नियम आपण पाळायचा नाही.

आलात? आधी नाक सांभाळा. पश्चिमेकडून खाडीचा वारा आला की सुक्या मासळीचा दर्प थेट घशात बसतो. वारा फिरला की आंब्याचा मोहोर, शेणाचा सारवा, ओल्या चुन्याचा तिखट वास. लोकलचा खडखडाट नाही, हॉर्न नाहीत, तरी शांतता म्हणाल तर मुळीच नाही. ताडाच्या शेंड्यावर बसलेला भंडारी खालच्या माणसाला ओरडून काहीतरी सांगतोय, कुत्री भांडतायत, गाडीची चाकं कुरकुरतायत. या सगळ्यावर घंटा वाजते आणि तुमच्या मागून पोरांचा लोंढा येतो. कोपर लागतं, कुणीतरी पायावर पाय देतं. थांबलात तर चेंगराल, तेव्हा वर चढा.

दगडी पायऱ्या उन्हात चांगल्याच तापल्यात, तळव्यांना चटके बसतात. उंबरा ओलांडला की एकदम गारवा. भिंतीवर हात ठेवा. चुन्याचा गिलावा थंड लागतो, आणि हात काढलात की तळवा पांढरा. भिंत किती जाड ते खिडकीत बसून बघा. तुम्ही मांडी घालून बसाल आणि तरी पुढे जागा उरेल. खिडकीला काच नाही, लाकडी चौकटीत घासून पातळ केलेले शिंपले बसवलेत. त्यांतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. बाहेरचं काहीच स्पष्ट दिसत नाही, अभ्यासाला बसवणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम सोय.

आता पायाखालचा दगड लक्षात घ्या. तुम्ही ज्या जमिनीवर उभे आहात तिच्या खाली शंकराचं लेणं आहे, हजार वर्षांच्या आसपासचं जुनं. सोळाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सिस्कन पंथाचे अंतोनियो दो पोर्तो इथे आले, त्यांनी त्या लेण्याचंच चर्च केलं आणि डोक्यावर मठ आणि अनाथ मुलांसाठी ही शाळा उभारली. डोंगर आयता होता, पाया खणायची कटकट वाचली. देवळाच्या निर्वाहाच्या जमिनींचं उत्पन्नही शाळेकडे वळलं. म्हणजे दुपारी तुमच्या पानात पडणारा भात अजून त्याच शेतांतला आहे, फक्त देव बदललाय.

वर्गात बसा. फादरांच्या अंगावर जाड कापडाचा पायघोळ झगा, कमरेला गाठी मारलेला दोर. या उकाड्यात ते कापड कसं सोसतात हे त्यांनाच ठाऊक. ते फेऱ्या मारायला लागले की दोराचं टोक झग्यावर सपसप आपटतं आणि त्या आवाजावरून मागच्या बाकड्यावरची पोरं अंदाज घेतात, आता ते कुठवर आलेत. वाचन, लेखन, धर्मशिक्षण आणि मग गाणं. गाण्याच्या तासाला लॅटिन ओळी घोटून घेतात. अर्थ बहुतेकांना कळत नाही, सूर मात्र कुणी चुकवत नाही, कारण तो चुकला की लगेच कळतं. शेजारचा पोरगा पूर्ण गंभीर चेहऱ्याने लॅटिन गातोय आणि ओठांच्या कोपऱ्यातून आपल्याच बोलीत तुम्हाला विचारतोय, "तू कुठला? आई-बाप हायेत का?"

हा प्रश्न इथे सगळे एकमेकांना विचारतात, आणि उत्तर बहुधा मान हलवूनच मिळतं. कुणाचे आई-बाप तापाने गेले, कुणाचे दुष्काळात. शाळेत आलं की पोटाला भात, अंगाला कपडा, आणि नवं नाव. दया आणि धर्मांतर एकाच पंगतीत वाढलं जायचं. मला तरी त्यातलं एक बाजूला काढून दुसऱ्याचं कौतुक करता येत नाही.

जेवणाची घंटा! भात, पातळ कालवण, सुका बोंबील. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, आणि खाडीकाठच्या पोरांना हा उपास वाटतच नाही. मिरची येऊन स्थिरावलीय, पाव फादरांच्या मेजावर आहे, बटाट्याची मात्र वाट बघावी लागेल. वडापाव विचारून हसं करून घेऊ नका.

संध्याकाळी रांगेने खाली लेण्यात. आत मेणाचा धूर, खोबरेल तेलाचा वास, घामेजलेली अंगं, आणि खडकाला आपटून दुप्पट होणारं गाणं. मूळच्या मूर्ती दिसू नयेत अशी तजवीज केलेली आहे. पण एका बाजूच्या खोलीत, जुन्या शिल्पाच्या जागी दगडात कोरलेला क्रूस आहे. त्यावरून बोट फिरवा. कडा अजून धारदार आहेत. आजही तो तिथेच आहे, फक्त कडा झिजल्यात.

आज जरा गडबड जास्त आहे, कारण पाहुणा आलाय. जेमेल्ली कारेरी, जगप्रदक्षिणेला निघालेला इटालियन. वरची इमारत, खालचं लेणं, सगळं डोळे भरून बघतोय आणि पुढे त्यावर पुस्तकात लिहिणारही आहे. कान्हेरीची लेणीही त्याला बघायचीत. बेचाळीस वर्षांनी मराठे हे साष्टी बेट घेतील, फादर जातील, छप्पर कोसळेल, यातलं त्याला काहीच माहीत नाही. तो हसून तुमच्या डोक्यावर हात ठेवतो आणि निघतो. पाहुणा आहे, जाऊ शकतो. तुमचा मात्र लॅटिनचा पाठ अजून बाकी आहे, आणि दोराचं टोक तुमच्याच बाकड्याकडे येतंय.