अपस्मारविषयक आरोग्य माहितीचे मानकीकरण

अपस्मारविषयक आरोग्य माहितीचे मानकीकरण म्हणजे अपस्माराच्या (मिरगी, फेफरे) झटक्यांविषयी निरनिराळ्या मोबाइल अ‍ॅपमध्ये व उपकरणांमध्ये साठणारी माहिती समान व्याख्या, एकके आणि स्वरूप वापरून नोंदविणे होय. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे.

गरज

झटका बहुधा डॉक्टरांसमोर येत नाही. त्यामुळे औषधाची मात्रा ठरविताना रुग्ण व नातेवाईक यांनी केलेल्या नोंदींवर अवलंबून राहावे लागते. कागदी वहीतील या नोंदी आता अ‍ॅपमध्येही होतात. काही मनगटी उपकरणे हालचाल आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजून झटका ओळखतात. एका अ‍ॅपमध्ये झटक्याचा कालावधी सेकंदांत आणि दुसऱ्यात केवळ 'थोडा वेळ' असा नोंदला गेल्यास तुलना शक्य होत नाही. सर्वांगाला आचके देणारा झटका पाच मिनिटांहून अधिक चालल्यास ती तातडीची वैद्यकीय स्थिती मानली जाते. म्हणून हा फरक महत्त्वाचा ठरतो.

प्रमुख मानके

* संज्ञा : आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने (आयएलएई) २०१७ मध्ये झटक्यांचे स्थानिक, सार्वत्रिक व अज्ञात आरंभाचे असे वर्गीकरण केले. २०२५ च्या सुधारणेत 'भान' या निकषाऐवजी भान व प्रतिसाद या दोहोंवरून ठरणारी 'शुद्ध' हा निकष आला. त्यामुळे नोंदीसोबत वर्गीकरणाची आवृत्तीही नमूद असावी लागते.
* मेंदूचे विद्युत आलेख : ईईजीसाठी १९९२ मध्ये ईडीएफ हे स्वरूप प्रसिद्ध झाले. २००३ मधील ईडीएफ+ मुळे आलेखातच वेळेनुसार टिपणे जोडता येऊ लागली.
* देवाणघेवाण : एचएल७ संस्थेचे 'फायर' (एफएचआयआर) मानक रुग्णालयीन प्रणालींमध्ये वापरले जाते. आयईईई १७५२.१ (२०२१) हे मानक मोबाइलवरील झोप व शारीरिक हालचालींच्या नोंदींसाठी आहे. अपुरी झोप अनेकांमध्ये झटक्यास कारणीभूत ठरत असल्याने ते अपस्मारातही उपयुक्त आहे.

मर्यादा

स्वरूप समान झाल्याने नोंद पूर्ण किंवा अचूक होतेच असे नाही. झोपेतले किंवा शुद्ध हरपलेले झटके रुग्णाला अनेकदा आठवत नाहीत. उपकरणे सौम्य झटके चुकवतात व कधी खोटा इशाराही देतात. म्हणून नोंद रुग्णाची, नातेवाइकाची की उपकरणाची, हे स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक ठरते.

माहिती सहज हस्तांतरित होऊ लागल्यास गोपनीयतेचा प्रश्नही तीव्र होतो. भारतात वाहन परवान्यासाठीच्या स्वघोषणेत अपस्माराविषयी विचारणा असते. नोकरी व विवाह यांबाबतही या आजाराशी सामाजिक कलंक जोडलेला आहे. त्यामुळे कोणती माहिती कोणाला द्यावी, याबाबत रुग्णाची संमती नोंदविणे हा मानकीकरणाचा आवश्यक भाग ठरतो.