जीपचं पाणी : जुनी गाडी का तापते, याचा थोडा इतिहास

जुनी जीप तापायला लागली की आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, थर्मोस्टॅट काढून फेका. दोन, पाण्याचा कॅन बरोबर ठेवा आणि ओतत राहा. दोन्हीने त्या दिवसाची वेळ निभावते, पण इंजिन मात्र हळूहळू मरतं. का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

आधी विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवा. किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी १९४६ साली पुण्याला खडकीत सुरू झाली. अशा इंजिनांनी गावोगावची मोट बंद केली. त्यातल्या बऱ्याच इंजिनांना पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी जोडलेली असायची. गरम झालेलं पाणी पाटात जायचं आणि मागून विहिरीचं गार पाणी यायचं. एका जागी बसलेल्या इंजिनाला हे परवडतं. गाडीला विहीर बरोबर नेता येत नाही. तिला तेच ते थोडं पाणी फिरवून फिरवून गार करावं लागतं.

ती सोय एका दिवसात झाली नाही. जर्मनीत मायबाख नावाच्या इंजिनिअरने १९०१ च्या मर्सिडीज गाडीला मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार रेडिएटर बसवला. वारा लागायला जागा वाढली, म्हणून कमी पाण्यात भागायला लागलं. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार झालं की खाली बसतं, एवढ्यावर काम चालायचं. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला, दाबाचं झाकण आलं.

जीप १९४१ पासून लष्करासाठी मोठ्या संख्येने बनायला लागली. तिचं काम चिखलात, चढावर, खालच्या गिअरात. गाडी हळू आणि इंजिन जोरात, म्हणजे समोरून वारा नाही. सगळा वारा पंख्यानेच ओढायचा. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी विलीजच्या परवान्यावर मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची जी जीप आपण ओळखतो ती सीजे-३बी, पेट्रोलवाली. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि जीपमध्ये डिझेल इंजिनं आली. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल, मग १९७९ च्या कराराने प्यूजोचं. कित्येकांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवून घेतलं. इंजिन बदललं, पण रेडिएटर कधी जुनाच राहिला. पंखा रेडिएटरपासून लांब पडला. पंख्याभोवतीचं कव्हर बसेना म्हणून काढून टाकलं. पुष्कळ जीपांची तापण्याची सवय तिथून सुरू झाली.

त्याच काळात आमचा मुलूखही बदलला. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. बांधावरून आणि भातशेतीतून फिरणारी जीप आता भाजीचे क्रेट घेऊन कळंबोलीच्या गर्दीत अर्धा-अर्धा तास उभी असते. इथेही समोरून वारा नाहीच, वर उन्हाचा डांबरी रस्ता.

आता पाण्याचं. खाडीकाठच्या बोअरवेलचं पाणी मचूळ, कुठे चक्क खारं. रेडिएटरमधून वाफ जाते, मीठ आणि चुना आत राहतो. परत तेच पाणी ओतलं की परत भर. मिठागर वेगळं काय असतं? भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाने आटवायचं. पाणी ओतत राहणारा माणूस रेडिएटरचं मिठागर करत असतो. नळ्या आतून भरतात, लोखंड गंजतं. पावसाळ्याच्या मध्यावर स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी त्याहून कितीतरी बरं. सगळ्यात चांगलं म्हणजे डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट. गोठायची भीती आपल्याकडे नाही, पण गंज थांबतो.

थर्मोस्टॅट म्हणजे खारबांधाची उघाडी. वेळेला उघडते, वेळेला मिटते. ती काढली तर इंजिन सकाळी नीट गरम होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सिलिंडर झिजतात. आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवून बघा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडला तर तो निर्दोष आहे.

झाकणालाही कमी समजू नका. ७ पौंड दाबाचं झाकण असेल तर पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशाला उकळतं. रबर गेलं की हा फायदा गेला, पाणी लवकर उकळून बाहेर. म्हणूनच गरम गाडीचं झाकण कधी उघडू नये. दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही मारू नये, हेडला तडा जातो.

तापण्याची वेळ बघितली तर दुखणं सापडतं.

गर्दीत किंवा शेतात तापते, मोकळ्या रस्त्यावर नाही : वाऱ्याचं दुखणं. पट्टा ढिला, कव्हर नाही, जाळीत चिखल आणि भाताचं तूस. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा, पाण्याचा दाब कमी ठेवा.

बोरघाट चढताना किंवा वेगात तापते : पाण्याचं दुखणं. रेडिएटर आतून चोंदला किंवा पंप झिजला. रेडिएटरवाल्याकडून खोलून साफ करून घ्या, नाहीतर नवी जाळी.

बंद केल्यावर पाणी उसळून बाहेर येतं : पहिलं झाकण बदला. सगळ्यात स्वस्त तेच आहे.

गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतं, थंड इंजिन चालू केलं की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ दिसतं : हेड गॅस्केट. अशी गाडी चालवू नका, ओढून न्या. आज गॅस्केटवर भागेल, उद्या हेड जाईल, आणि जुन्या इंजिनाचं चांगलं हेड शोधण्यात अख्खा हंगाम निघून जातो.

मे महिना लागायच्या आत एवढं बघून घ्या. पेरणीच्या घाईत गॅरेजवाल्यालाही वेळ नसतो आणि आपल्यालाही.